परीक्षेत येणारे तोंड

व्याख्या व व्याप्ती

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यापासून इंटर्नशिपच्या शेवटच्या सहीपर्यंत विद्यार्थ्याच्या शरीरात, आणि विशेषकरून त्याच्या तोंडात, जे बदल दिसतात त्यांना दंतविद्यार्थ्याचा ताण म्हणतात. भारतात हा अभ्यासक्रम ४ वर्षांचा असून त्यापुढे १ वर्षाची इंटर्नशिप असते. म्हणजे विकाराचा कालावधी किमान ५ वर्षे धरावा. बॅच मागे पडल्यास तो वाढतो. महाराष्ट्रात या विकाराला मोठी परंपरा आहे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून सुरू आहे आणि १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यभरातल्या विद्यार्थ्यांच्या झोपेचे वेळापत्रक तिथूनच ठरते.

ताण इतरांनाही येतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचे पोट बिघडते, सीएच्या विद्यार्थ्याचे केस गळतात. मात्र आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्या बिचाऱ्यांना कळत नाही. दंतविद्यार्थ्याला कळते. त्याला होणाऱ्या बहुतेक त्रासांचे नाव, कारण, प्रकार आणि पाच गुणांचे उत्तर त्याच्याच पुस्तकात छापलेले असते. तरीही तो उपचार घेत नाही, कारण स्वतःच्या तोंडातली केस क्लिनिकमध्ये पूर्ण करायच्या केसेसच्या कोट्यात धरली जात नाही. हे या विकाराचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ताणाचा आधुनिक अभ्यास उंदरांपासून सुरू झाला. मॉन्ट्रियलचे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदराला थंडीत ठेवा, इजा करा किंवा दमेपर्यंत पळवा. जाच कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद एकाच क्रमाने येतो, असे त्यांना आढळले होते. आधी धोक्याची सूचना, मग प्रतिकार, शेवटी थकवा. दंत महाविद्यालयात या तीन अवस्था सूचनाफलकावरून ओळखता येतात. वेळापत्रक लागते तेव्हा पहिली, सबमिशनची तारीख लागते तेव्हा दुसरी आणि ती तारीख अलीकडे आणल्याचे कळते तेव्हा तिसरी.

पुढे संशोधकांचे लक्ष थेट दंतविद्यार्थ्यांकडे वळले. गार्बी, झुकर आणि सेल्बी यांनी १९८० साली दंतविद्यार्थ्यांना कशाकशाचा ताण येतो हे मोजण्याची प्रश्नावली मांडली आणि तेव्हापासून ती वेगवेगळ्या देशांत भरून घेतली जात आहे. प्रश्नावली भरणे हेही काम सबमिशनच्याच आठवड्यात येते, याची नोंद मात्र त्या प्रश्नावलीत करता येत नाही.

कारणे

पहिले कारण मेण. पहिल्या वर्षी मेणाच्या चौकोनी ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. पुढचे पटाशीचे दात कसेबसे निभावतात. वरची पहिली दाढ निभावत नाही. या दाढेच्या टाळूकडच्या अंगाला एक चिमुकला उंचवटा असतो. एकोणिसाव्या शतकातले व्हिएन्नाचे दंतवैद्य कॅराबेली यांचे नाव त्याला दिलेले आहे. पुष्कळ माणसांच्या दाढेवर तो मुळात नसतोच, पण ही सवलत निसर्गाला आहे, विद्यार्थ्याला नाही. हा उंचवटा सर्वांत शेवटी कोरायचा असल्यामुळे आणि तोवर रात्रीचे दोन वाजून गेलेले असल्यामुळे तो कोरताना शेजारचा मोठा उंचवटा निघून हातात येतो. सकाळी सर ती दाढ चहूबाजूंनी फिरवून पाहतात आणि ही कोणत्या प्राण्याची, असे शांतपणे विचारतात. ‘रिपीट’ हा शब्द विद्यार्थी येथे प्रथम ऐकतो.

दुसरे कारण जर्नल. ऊतींच्या स्लाइडांची चित्रे केवळ गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने काढायची असतात, कारण प्रयोगशाळेत पेशींना हेमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन द्रव्यांनी तेच रंग देतात. सबमिशन जवळ आले की कॉलेजसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून या दोन पेन्सिली नाहीशा होतात आणि हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत बाकीच्या दहा रंगांची खोकी न वापरता पडून राहतात. चौथ्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याला सूर्यास्तही याच दोन रंगांत दिसू लागतो.

तिसरे कारण पदार्थविज्ञान. जबड्याचे माप घेण्याचे अल्जिनेट पाण्यात कालवल्यापासून काही मिनिटांत घट्ट होते आणि पाणी कोमट असेल तर त्याहून लवकर. नागपुरात मे महिन्यात नळाचे पाणी कोमट नसते, गरम असते. तिथे अल्जिनेटचे माप पुष्कळदा रबरी वाडग्याचेच निघते. प्लास्टरचा प्रकार याच्या उलट. ते घट्ट होण्याची वाट पाहत असताना होत नाही आणि वाट पाहणारा चहाला गेला की साच्यातून निघत नाही. दुसऱ्या वर्षी काम फॅन्टम हेडवर चालते. खुर्चीला जोडलेले हे कृत्रिम डोके वेळेवर हजर असते, ओकारी काढत नाही, थुंकायला उठत नाही आणि दुखले असे म्हणत नाही. पुढल्या दोन वर्षांत विद्यार्थी त्याची आठवण अनेकदा काढतो.

चौथे कारण कोटा, आणि ते सर्वांत गंभीर आहे. क्लिनिकच्या पोस्टिंगमध्ये ठरावीक संख्येने दात काढणे, चांदी-सिमेंट भरणे, स्केलिंग करणे, कवळ्या बसवणे आवश्यक असते. दात भरपूर लोकांचे किडलेले असतात. कोट्याला हवा तो दात हव्या त्या आठवड्यात किडलेला नसतो. त्यामुळे विद्यार्थ्याची नजर बदलते. लग्नाच्या पंगतीत मावशी हसली की त्याला आधी कीड दिसते, मग मावशी. मेसचे काका, वॉचमन, रिक्षावाले, झेरॉक्सवाले या सर्वांची दातांची स्थिती त्याला तोंडपाठ असते. नावे माहीत नसतात.

कोट्यातही पूर्ण कवळीचे स्थान निराळे. तोंडात एकही दात नसलेले आजोबा ही दंत महाविद्यालयाच्या परिसरातली सर्वांत प्रतिष्ठित व्यक्ती होय. एका कवळीसाठी त्यांना निदान पाच वेळा यावे लागते: पहिले माप, दुसरे माप, दोन्ही जबड्यांचा परस्परसंबंध, मेणात बसवलेल्या दातांची चाचणी आणि शेवटी कवळी. आजोबा चार वेळा येतात. पाचव्या वेळी गावची जत्रा असते. फोनवर विद्यार्थी म्हणतो, “आजोबा, उद्या नक्की ना? रिक्षाचे पैसे मी देतो.” आजोबा म्हणतात, “अरे बाळा, दातांची काय घाई आहे? सात वर्षं नाहीयेत, अजून आठ दिवस नसले तर काय बिघडलं?” या युक्तिवादाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पेशंट स्वतः आणायचा असल्याने विद्यार्थ्याचे वर्षभराचे भवितव्य अशा एखाद्या आजोबांच्या नातीच्या बारशाच्या तारखेवर अवलंबून राहते.

पाचवे कारण नातेवाईक. हे लोक “एमबीबीएस नाही का मिळालं?” असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता तोंड उघडून दुखरी दाढ दाखवतात. प्रश्नाचा राग आणि कोट्याचा आनंद एकाच क्षणी आवरावा लागणे हे शरीराला अपायकारक असते.

लक्षणे

लक्षणे वरून खाली पाहणे सोयीचे.

केस: तीव्र ताणानंतर बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन ते तीन महिन्यांनी गळतात. परीक्षेचे केस त्यामुळे सुट्टी संपल्यावर, सगळे सुरळीत चाललेले असताना, कंगव्यात येतात. कारण आणि परिणाम यांच्यात इतके अंतर पडल्याने दोष नेहमी हॉस्टेलच्या बोअरच्या पाण्याला दिला जातो.

डोळे: पापणी फडफडते. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ मानतात. वैद्यकशास्त्राच्या मते मात्र जागरण, थकवा आणि अति चहा-कॉफी ही त्याची कारणे आहेत. विद्यार्थी वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सकाळपुरता शास्त्रावरचा विश्वास स्थगित ठेवतो.

जबडा: स्वस्थ माणसाचे ओठ मिटलेले असले तरी वरचे व खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, त्यांच्यात २ ते ४ मिलिमीटर फट असते. घास चावताना आणि गिळताना ते टेकतात, आणि हा वेळ दिवसभरात सगळा मिळून काही मिनिटांचाच असतो. कोरीव काम करणारा विद्यार्थी हा दिवसाचा वाटा एका दाढेत संपवतो. चावण्याचे स्नायू कानशिलापर्यंत आखडतात, डोके दुखते, आणि कानापुढच्या सांध्यातून जांभई देताना ‘कट्’ असा आवाज येतो. या सांध्यावरच्या व्याख्यानाच्या दिवशी अख्खा वर्ग दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडमीट करत असतो. बाहेरून जाणाऱ्या शिपायाला हा प्रकार दरवर्षी पाहून सवयीचा झालेला असतो.

दात: रात्री झोपेत दात खाल्ले जातात. हे विद्यार्थ्याला स्वतः कळत नाही, रूममेटला कळते. सुट्टीत घरी गेल्यावर आजीला कळते आणि जंत झाले असे निदान करून ती वावडिंग पाजते. पाठ्यपुस्तकात दात खाण्याच्या कारणांत जंतांपेक्षा मानसिक ताणाला वरचे स्थान आहे. पण आजीशी वायवा घालण्याची हिंमत विद्यार्थ्याकडे नसते. सुळ्याचे टोक झिजून सपाट झाले की तो आरशात पाहून ‘वेअर फॅसेट’ असे अचूक नाव घेतो आणि आरसा ठेवून देतो.

गाल, ओठ, नखे: गालाच्या आत दातांच्या रेषेत एक पांढरी ओळ उमटते, खालचा ओठ चावून सोलला जातो, नखे कुरतडून पुढच्या दाताला बारीक खाच पडते. पेशंटला नखे खाऊ नयेत असा सल्ला देताना विद्यार्थ्याने ग्लोव्हज घातलेले असतात, त्यामुळे अडचण येत नाही.

तोंड येणे: परीक्षेच्या सुमारास ओठांच्या आत, गालावर किंवा जिभेच्या कडेला छोटे व्रण उठतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असलेले हे व्रण सुमारे एक ते दोन आठवड्यांत बरे होतात, म्हणजे थिअरीच्या आदल्या दिवशी उठून प्रात्यक्षिक संपल्यावर जातात. घरचे निदान ‘उष्णता झाली’ असे असते. सब्जा, गुलकंद, तूप आणि जाईचा पाला हे उपाय त्या क्रमाने सुचवले जातात. विद्यार्थी आईला ॲफ्थस व्रणांची सगळी कारणे फोनवर समजावून सांगतो आणि फोन ठेवून जाईचा पाला शोधायला निघतो.

हिरड्या: क्वचित दोन दातांमधल्या हिरडीचे टोक झडते, रक्त येते, तोंडाला दुर्गंधी सुटते. पहिल्या महायुद्धात खंदकांत राहणाऱ्या सैनिकांमध्ये हा विकार एवढा आढळला की त्याला खंदकाचेच नाव मिळाले. अपुरी झोप, वाईट खाणे, धूम्रपान, दात न घासणे आणि सतत भीती ही त्याची पोषक परिस्थिती. परीक्षेच्या काळातले विद्यार्थी हेही त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. सैनिकांना निदान हॉस्टेलच्या मेसचे बिल येत नव्हते.

लाळ: दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. भीतीने मात्र ती आटते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी दाखवून दिले की संकट समोर आले की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करते. अशा वेळी पचनासारखी कामे थांबतात. वायवाच्या टेबलासमोर लढणे आणि पळणे हे दोन्ही पर्याय विद्यापीठाच्या नियमांत बसत नाहीत. विद्यार्थी तसाच बसून राहतो, जीभ टाळूला चिकटते आणि नेमक्या त्याच वेळी एक्स्टर्नल परीक्षक विचारतात, “लाळेची कार्ये सांगा.” पहिले कार्य, बोलणे सुलभ करणे, हे त्याला प्रात्यक्षिकासह दाखवता येते, फक्त सांगता येत नाही.

मान व पाठ: वरच्या जबड्यातले काम आरशात पाहून करायचे असते. आरशात पुढे-मागे उलटे दिसत असल्याने नवशिका हात नेहमी विरुद्ध दिशेने जातो. म्हणून विद्यार्थी आरसा बाजूला ठेवतो आणि मान वाकडी करून थेट पाहतो. हे चार वर्षे केल्यावर मान सरळ ठेवणे हीच वाकडी स्थिती वाटू लागते.

हात: अंगात ॲड्रेनलिन वाढले की हाताचा स्वाभाविक कंप वाढतो. तो लपवण्यासाठी अनामिका शेजारच्या दातावर टेकवून काम करायला शिकवतात. त्यामुळे कंप थांबत नाही, पेशंटपर्यंत पोहोचतो. “डॉक्टर, तुम्हाला थंडी वाजतेय का?” असा प्रश्न पहिल्यांदा दात काढताना आला तर एसीकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे. एसी नसल्यास पंखा चालतो.

पोट: अतिशय बोलके लक्षण असून प्रात्यक्षिकाच्या सकाळी हॉस्टेलच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाबाहेरच्या रांगेवरून त्याची तीव्रता मोजता येते.

निदान

निदान विद्यार्थी स्वतःच करतो आणि इथेच घोटाळा होतो. मुखविकारशास्त्र शिकायला लागल्यावर तो मोबाइलचा टॉर्च लावून स्वतःचे तोंड पाहतो. जिभेच्या मुळाशी मोठमोठे उंचवटे ओळीने बसलेले दिसतात, गाठ. गालात पिवळसर ठिपके, ग्रंथींचा विकार. टाळूच्या मध्यभागी हाडाचा फुगवटा, ट्यूमर. गालावरची पांढरी रेघ, कर्करोगाची पूर्वावस्था. आयुष्यात कधी सुपारी न खाल्लेला विद्यार्थी सुपारीने तोंड आखडण्याचा धडा वाचून तीन बोटे उभी करून आपले तोंड पुरेसे उघडते का हे तपासत बसतो. पुढच्या धड्याचे नाव ‘सर्वसामान्य मुखातील स्वाभाविक भेद’ असे असते आणि वरच्या पहिल्या चारही गोष्टी त्यात असतात. त्या रात्री हॉस्टेलमध्ये शांत झोप लागते. खरे ताणाचे विकार, म्हणजे झिजलेले सुळे आणि वाजणारा सांधा, मात्र निदानात येत नाहीत. ते सगळ्यांनाच असल्यामुळे स्वाभाविक समजले जातात.

प्रायोगिक पुरावा

या विकाराचे दोन अभ्यास प्रसिद्ध आहेत. जेमॉट आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६४ दंतविद्यार्थ्यांच्या लाळेचा वर्षभराचा हिशेब मांडला. जंतूंपासून बचाव करणारे एक प्रथिन लाळेत असते. परीक्षांच्या दिवसांत ते स्रवण्याचा वेग घटलेला आढळला. माणसांत रमणाऱ्या, जिव्हाळ्याचे संबंध जपणाऱ्या विद्यार्थ्यांत ते सर्व काळ अधिक होते. दुसऱ्यांवर वर्चस्व गाजवण्याची ओढ असणाऱ्या काहींत तर परीक्षा संपल्यावरही ते घसरतच राहिले. टपरीवर तास-दोन तास घालवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या बाजूने उभा असलेला हा एकमेव शास्त्रीय निबंध माहीत असायला हवा.

दुसरा अभ्यास मारुचा, कीकोल्ट-ग्लेसर आणि फावागेही यांचा, १९९८ सालचा. त्यांनी ११ दंतविद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिलिमीटरची बारीक जखम दोनदा केली: एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा, टाळूच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या परीक्षेच्या ३ दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ३ दिवस, म्हणजे ४० टक्के, जास्त लागले. सुट्टीतल्याइतक्या वेगाने परीक्षेत बरा झालेला विद्यार्थी एकही निघाला नाही. सेल्ये यांच्या उंदरांना मागे टाकून दंतविद्यार्थी संशोधनाला अधिक सोयीचे का ठरले, हेही यावरून उलगडते. उंदराला परीक्षेची तारीख आधी कळत नाही. शिवाय परीक्षा ३ दिवसांवर असताना टाळूला भोक पाडून घ्यायला उंदीर आपणहून तयार होत नाही.

उपचार

महाविद्यालयीन उपचार वर्षातून एकदा, २१ जूनला, योगदिनाच्या निमित्ताने होतो. सभागृहात ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवतात, हजेरी सक्तीची असते आणि त्या दिवशीचा पेशंट हुकतो.

दात खाण्यावर रात्री दातांवर घालायचा ‘नाइट गार्ड’ हा योग्य उपाय आहे. विद्यार्थी तो पेशंटसाठी बनवतो. स्वतःसाठी माप घेऊन प्लास्टरचा साचाही ओततो. तो साचा खिडकीत पेपरवेट म्हणून इंटर्नशिपपर्यंत टिकतो.

अध्यापनाच्या बाजूने उपाय जुना आहे. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर दाखवले की थोड्या दडपणाने काम सुधारते, जास्त झाले की बिघडते. आणि काम जितके अवघड, तितके कमी दडपण पुरते. दंत महाविद्यालयांत हा नियम उलट्या बाजूने पाळला जातो. पानभर व्याख्या लिहिताना विद्यार्थ्याजवळ कुणी फिरकत नाही आणि दाढेच्या चौथ्या कालव्याचे तोंड शोधताना सर, मॅडम, दोन पीजी आणि पेशंटचा मुलगा असे सगळे खांद्यावरून पाहत असतात.

बाकीचे उपाय साधे आणि गुणकारी आहेत. रात्रीची पुरेशी झोप, वेळेवर जेवण, तासाभराने मान सरळ करून उठणे, आरशात पाहून काम करण्याचा खरोखर सराव, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवण्याची सवय आणि मन फारच खचले तर समुपदेशकाशी बोलणे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण मात्र टॉर्चने न पाहता शिक्षकांना दाखवावा. हे सर्व विद्यार्थ्याला ठाऊक असते. प्रत्येक मुद्द्याला अर्धा गुण या हिशेबाने त्याने ते लिहिलेलेही असते.

रोगाचा पुढील क्रम

निकालानंतर बहुतेक लक्षणे ओसरतात. व्रण भरतात, पापणी थांबते, पोट ठिकाणावर येते. केस पुढल्या सहा महिन्यांत परततात. झिजलेले सुळे परत येत नाहीत. इंटर्नशिपमध्ये वजन वाढते, कारण कोटा आता ज्युनिअरांचा असतो आणि आजोबांना फोन करण्याचे काम त्यांच्याकडे जाते. त्यानंतर विकार दोन वाटांनी उलटतो. स्वतःचे क्लिनिक काढणाऱ्यास तो डेंटल चेअरच्या कर्जाच्या हप्त्यासोबत दर महिन्याला येतो. एमडीएसला जाणाऱ्यास तो सलग ३ वर्षे राहतो आणि पुढे नोकरीच्या रूपाने कायमचा होतो. अशा जुनाट रुग्णांस काही वर्षांनी परीक्षक नेमतात. वायवाच्या टेबलापलीकडून विद्यार्थ्याचे उत्तर ऐकताना त्यांचाही जबडा आवळलेला असतो, पण तपासण्याची पाळी विद्यार्थ्याची नसल्यामुळे त्याची नोंद होत नाही.